मागच्या अंगणातला बहावा

वहिनीच्या रोपवाटिकेत झाड विकत घेणं सोपं नाही. गिऱ्हाईक फाटकातून आत आलं, एखाद्या रोपाकडे बोट दाखवून "हे द्या" म्हणालं, की वहिनी विचारते, "कुठे लावणार?" मग माती कशी आहे, ऊन कधी येतं, वारा कुठून लागतो, वरून तारा गेल्यात का, शेजाऱ्याच्या छपराचं पाणी कुठे पडतं. सोयरीक जुळवतानासुद्धा लोक इतकी चौकशी करत नाहीत. निम्मी गिऱ्हाइकं तिथूनच कंटाळून रस्त्यापलीकडच्या रोपवाटिकेत जातात. तिथे रंगीत कुंड्या, परदेशी पाम आणि एक हसतमुख माणूस असतो. आमच्याकडे वहिनी असते आणि मी असतो.

मी तिचा धाकटा दीर. टेम्पो चालवणं, खड्डे घेणं आणि वहिनी ज्यांना तोडून बोलली त्यांना फाटकापर्यंत गोड बोलत सोडणं ही माझी कामं. ती मला "भाऊजी, तुम्ही" म्हणते, पण त्या 'तुम्ही'त आदर शोधायचा तर भिंग लागेल. माझा मोठा भाऊ, म्हणजे दादा, शाळेत गणित शिकवतो आणि झाडांच्या भानगडीत पडत नाही. घरात एक तरी शहाणा माणूस हवाच.

आमच्याकडची झाडं सगळी इथलीच, याच मातीतली. पण इथलं झाड म्हणजे कुठेही लावा आणि विसरून जा, असं लोकांना वाटतं, आणि वहिनीचं डोकं तिथेच फिरतं. मोठं झाड असेल तर जागा स्वतः बघितल्याशिवाय ती देत नाही. जागेवर गेलो की मी गुडघाभर खड्डा घेतो, तो पाण्याने काठोकाठ भरतो आणि आम्ही बसून राहतो. पाणी जिरलं की पुन्हा भरतो. "पहिलं पाणी कुठेही जिरतं," वहिनी म्हणते. "तहानलेली माती काहीही पिते. दुसऱ्याचं काय होतं ते बघायचं." दुसरं पाणी आमचा चहा संपेपर्यंत गेलं तर बहावा, बोर, खैर. रेंगाळलं तर जांभूळ किंवा करंज. ठाण मांडून बसलं तर अर्जुन, आणि जागा लहान असेल तर निर्गुडी, कारण तिला ओढ्याकाठची सवय असते. भिंतीच्या सावलीला अडुळसा. वाऱ्याच्या तोंडावर करवंदीची जाळी, तिला कुणी काही करू शकत नाही.

एकदा एका बंगलेवाल्याने विजेच्या तारांखाली लावायला अर्जुन मागितला. वहिनी म्हणाली, "तुम्हाला झाड नकोय, दर वर्षी फांद्या तोडायला निमित्त हवंय." तो तणतणत निघून गेला. मी फाटकापर्यंत सोडायला गेलो, पण त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. पुढे त्याची बायको आली आणि धायटीची झुडपं घेऊन गेली. ती झुडपं आता फुलतात आणि तारांना हातही लावत नाहीत.

"मी मरायला झाड देत नाही," हे वहिनीचं ठरलेलं वाक्य. आमच्या भागात ते सगळ्यांना ठाऊक आहे. काहीजण कौतुकाने सांगतात, बहुतेक जण नक्कल करून सांगतात.

उन्हाळा नुकताच लागला होता तेव्हा चौकातला चष्मेवाला आमच्याकडे आला. त्याचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर आहे, पण ती पाटी कुणी वाचत नाही. चाळिशी उलटलेला, एकटा, हळू बोलणारा माणूस. बोलताना स्वतःचा चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसायची त्याला सवय. तो इकडेतिकडे न बघता सरळ फाटकाजवळच्या मोठ्या ड्रमपाशी उभा राहिला.

त्या ड्रममध्ये वहिनीने एक बहावा वाढवला होता. बियांसाठी ठेवलेला, विकायचा नव्हताच. माझ्याहून हातभर उंच झाला होता आणि त्या वर्षी त्याने पहिल्यांदाच कळ्यांचे घोस धरले होते. वहिनी रोज सकाळी आली की आधी त्याच्याकडे बघायची, मग आमच्याकडे.

"मला हा हवाय," चष्मेवाला म्हणाला.

"हा विकायचा नाही," वहिनी म्हणाली. आणि मग राहवेना म्हणून, "कुठे लावणार होतात?"

"घरी. मागच्या अंगणात."

"जागा बघते. बसेल असं दुसरं एखादं रोप देईन."

तो नुसता चष्मा पुसत राहिला.

त्याचं घर म्हणजे पुढे दुकान आणि मागे राहणं. दुकानाच्या पायरीपासून रस्त्यापर्यंत जमिनीचा एक पट्टा आहे, मुरूम आणि विटांच्या तुकड्यांनी भरलेला, दिवसभर उन्हात. वहिनी टेम्पोतून उतरली तीच त्या पट्ट्याकडे बघत. "ही जागा मस्त आहे," ती मला हळूच म्हणाली. पण चष्मेवाला आम्हाला दुकानातून, स्वयंपाकघरातून थेट मागे घेऊन गेला.

मागचं अंगण खोलगट होतं. तीन बाजूंनी भिंती, एका कोपऱ्यात कपडे धुवायचा दगड, वरून शेजाऱ्याच्या छपराचा पाइप थेट आत सोडलेला. मागच्या खोलीची खिडकी त्या अंगणात उघडत होती आणि तिला आतून पडदा लावलेला होता. कोपऱ्यात एक निर्गुडी होती, भिंतीच्या वर गेलेली, निळ्या तुऱ्यांनी लगडलेली. वहिनी तिच्याकडे बघत उभी राहिली.

"ही मी दिलेली आहे," ती म्हणाली.

"असेल. आईने लावलीय."

"तुमच्या आईंना तेव्हा बहावाच हवा होता. इथेच, या खिडकीसमोर. मी नाही म्हटलं होतं."

"मला नाही माहीत," चष्मेवाला म्हणाला. "मी तेव्हा नोकरीसाठी बाहेर होतो."

वहिनीने मला खूण केली. मी खड्डा घेतला आणि भरला. पहिलं पाणी गेलं. दुसरं तसंच राहिलं. उन्हाळ्याचे दिवस, वर आग ओकणारं ऊन, आणि खड्ड्यातलं पाणी आमच्याकडे बघत बसलेलं. त्याच्यावर एक पान पडलं आणि तेही जागचं हललं नाही.

"इथे नाही जगणार," वहिनी म्हणाली. "आता कोरडं दिसतंय, पण पाऊस लागला की इथे तळं होणार. बहाव्याची मुळं कुजतील. दुकानापुढे लावा, तिथे पन्नास वर्षं बघायला नको."

"पुढे नको. इथेच लावायचंय."

"मग करंज लावा."

"मॅडम, जरा दुकानात येता का?" त्याने पडद्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "इथे नको बोलायला."

दुकानात त्याने आम्हाला स्टुलावर बसवलं आणि आतलं दार लावून घेतलं. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, फ्रेमचा स्क्रू बसवून घ्यायला. स्क्रू बसेपर्यंत त्याने विचारलं, "आई कशा आहेत आता? ऐकलं ते खरं का?" चष्मेवाला म्हणाला, "बऱ्या आहेत, बऱ्या आहेत," आणि त्याला जवळजवळ हाताला धरूनच बाहेर काढलं.

"हे असं," तो आमच्याकडे वळून म्हणाला. "आधी तिची खाट इथेच होती, या दाराशी. गिऱ्हाइकांशी गप्पा मारल्याशिवाय तिचा दिवस जात नाही. पण लोकांना भान नसतं बोलायचं. कुणी काही बोलून जाईल म्हणून मागे नेली. तिला सांगितलंय, आतड्याला सूज आहे, औषधाने उतरेल."

"आणि खरं काय आहे?"

"गाठ आहे पोटात. पसरलीय. डॉक्टर म्हणतात, पावसाळा लागेपर्यंत, फार तर." तो हे काउंटरवरच्या काचेकडे बघत बोलला. "मागे नेल्यापासून एकच म्हणते, या खिडकीसमोर बहावा असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, लावू. पुढच्या उन्हाळ्यात त्याच्याखाली खुर्ची टाकू तुला. तिला बरं वाटलं ते ऐकून. मला दिसलं तसं."

वहिनीने आतल्या बंद दाराकडे बघितलं. मग म्हणाली, "ड्रमसकट आणून ठेवते खिडकीसमोर. फुलं बघू देत त्यांना. नंतर मी परत नेईन."

"ड्रम बघितला की ती विचारेल, भाड्याने आणलंय का. लावलेलं दिसायला हवं, मॅडम. लावलं तर तिला पटेल की आपण पुढच्या वर्षीचं बोलतोय." त्याने चष्मा काढला, पण पुसला नाही. "मला ते झाड जगवायचं नाहीये. तिला दिसेल तेवढे दिवस उभं राहिलं तरी पुरे."

मी वहिनीकडे बघितलं. आता ती काय सुनावणार ते मला पाठ होतं. ती भिंतीवरच्या रिकाम्या फ्रेमांच्या रांगेकडे बघत होती.

"उद्या सकाळी घेऊन येतो," ती म्हणाली.

परत जाताना मी टेम्पोत म्हटलं, "वहिनी, ते बियांचं झाड आहे."

"माहीत आहे."

"आणि तू तर म्हणतेस की मरायला..."

"भाऊजी, समोर बघून चालवा."

मी समोर बघून चालवला. तिने नियम मोडला याचं मला वाईट वाटलं नव्हतं, उलट बरंच वाटलं होतं. इतकी वर्षं मला वाटायचं की तिचं मन त्या खड्ड्यासारखंच आहे, वेळ लावून तपासणारं. एका माणसासाठी तिने न तपासता काहीतरी दिलं, हे मला आवडलं होतं. शहाणपणाचं होतं की नाही याचा मी विचार केला नाही. तो माझा प्रांत नाही.

दुसऱ्या दिवशी ड्रम कापून आम्ही झाड मातीच्या गड्ड्यासकट उतरवलं. वहिनीने खाली जाड खडी घालायला लावली, बाहेरून पोत्याने मुरूम आणवला आणि जमिनीपासून हातभर उंचवटा करून त्याच्यावर बहावा बसवला. त्याने काही दिवस वाढले असते, इतकंच. खिडकीचा पडदा आज बाजूला होता. आत उशांना टेकून चष्मेवाल्याची आई बसली होती. चेहरा ओढलेला, पण डोळे तरतरीत, आणि त्यांच्यावर दुकानातली सगळ्यात चांगली फ्रेम.

"काकू, नमस्कार," वहिनी म्हणाली.

"ओळखलं मी तुला," काकू म्हणाल्या. "बहावा आणलास."

"हो."

"छान बहर धरलाय त्याने."

एवढंच बोलणं झालं. वहिनी त्यानंतर खिडकीकडे पाठ करूनच काम करत राहिली. काम संपल्यावर ती हात धुवायला आत गेली आणि चष्मेवाला तिच्यामागून टॉवेल घेऊन गेला, तेव्हा काकूंनी मला जवळ बोलावलं.

"भाऊ, खड्डा भरून बघितला होता का?"

"हो काकू, भरल्याशिवाय आम्ही लावतच नाही."

"दुसरं पाणी जिरलं?"

मला खोटं बरं बोलता येतं, गिऱ्हाइकांना गोड बोलून सोडण्यात आयुष्य गेलंय. "जिरलं की," मी म्हटलं. "एकदम झकास."

"बरं," काकू म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढला, डबीत ठेवला आणि डबी मिटली. मला वाटलं, विषय संपला.

फुलं उमलली. तीही अशी की शेजारच्या गच्चीवरून लोक वाकून बघायचे. हे मला चष्मेवाल्याने सांगितलं, मुद्दाम रोपवाटिकेत येऊन. "आई दिवसभर तिकडेच बघते," तो म्हणाला. त्याला इतकं हसताना मी कधी बघितलं नव्हतं. वहिनीने मान हलवली आणि रोपांच्या पिशव्या भरत राहिली.

त्यानंतर लवकरच एका सकाळी रोपवाटिकेचा फोन वाजला. काकू होत्या. "मुलगा लेन्स आणायला गेलाय, दुपारनंतरच येईल," त्या म्हणाल्या. "तू ये. भाऊंनाही आण."

दुकान बंद होतं. काकूंजवळ दिवसभर राहणाऱ्या बाईंनी मागचं दार उघडलं आणि त्या कपडे वाळत घालायला गच्चीवर गेल्या. मला वाटतं, त्यांना तसं सांगितलेलं होतं.

"बसा," काकू म्हणाल्या. "भाऊ, तुम्हीसुद्धा."

आम्ही बसलो. खिडकीत पिवळाधमक बहावा होता आणि खोलीभर त्याचा उजेड पडला होता.

"मी तुझ्याकडे तीनदा आले होते याच्यासाठी," काकू वहिनीला म्हणाल्या. "तिसऱ्यांदा तर रडायचीच बाकी होते. तू म्हणालीस, काकू, मी मरायला झाड देत नाही. घरी येऊन मी तुला इतक्या शिव्या घातल्या म्हणून सांगू. मग मुकाट्याने निर्गुडी लावली. ती बघ कशी झालीय."

"आठवतंय मला," वहिनी म्हणाली.

"मग मला एक सांग. अंगण तेच आहे. पाणी तेच आहे, परवा धुण्याचं पाणी दुपारपर्यंत तिथेच होतं, मी बघत होते. तूही तीच दिसतेस. मग बदललं काय?"

नगरपालिकेच्या साहेबाला भर सभेत "तुम्हाला झाडातलं काय कळतं" असं विचारणारी बाई ही. वहिनी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

"उंचवटा केलाय," ती शेवटी म्हणाली. "त्याने थोडा..."

"तो दिसला मला. तू मनापासून केलंयस, तेही दिसलं." काकू थोडं थांबल्या, त्यांना दम लागला होता. "हे बघ, मुलाला विचारून उपयोग नाही. त्याला खोटं बोलता येत नाही आणि खरं बोलवत नाही. नुसता चष्मा पुसतो. डॉक्टर माझी नाडी धरतो आणि बोलतो त्याच्याशी. तू झाडांच्या बाबतीत कधी खोटं बोलली नाहीस. म्हणून तुला झाडाचंच विचारते. हे इथे कधीपर्यंत टिकणार?"

मी असतो तर म्हणालो असतो, काकू, हे तुमच्या नातवंडांना सावली देईल. शब्द माझ्या ओठावर आलेसुद्धा होते. पण विचारलं मला नव्हतं.

"पावसाळा लागेपर्यंत," वहिनी म्हणाली.

"आणि हे त्याला माहीत आहे?"

"हो."

"तरी चालेल म्हणाला?"

"हो, काकू."

काकूंनी खिडकीबाहेर बघितलं. "पावसाळ्यापर्यंत," त्या म्हणाल्या, गाडीची वेळ कुणी सांगितल्यावर आपण परत एकदा म्हणून घेतो तशा. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते त्यांनी लपवलं नाही आणि पुसलंही नाही. वहिनी उठून खाटेवर त्यांच्याशेजारी बसली, त्यांचा हात हातात घेतला, आणि तीही रडायला लागली. मी फरशीकडे बघत राहिलो. मला त्या वेळी चष्मेवाल्याचा राग आला, वहिनीचा आला, आणि का कोण जाणे, त्या फुललेल्या झाडाचाही आला.

बऱ्याच वेळाने काकू म्हणाल्या, "त्याची मुळं अजून पसरली नसतील ना?"

"नाही. गड्ड्यासकट निघेल."

"मग काढ. पुढे लाव, दुकानासमोर. तिथे जगेल म्हणाली होतीस तू मला तेव्हा, पण मी हट्टाला पेटले होते. मला खिडकीतूनच हवं होतं."

"पण पुढे लावलं तर तुम्हाला इथून दिसणार नाही."

"मग मी पुढे जाते," काकू म्हणाल्या. "आता मला इथे लपवून काय करायचंय? आणि तुम्ही दोघं थांबा तो येईपर्यंत. मला एकटीला जमायचं नाही."

चष्मेवाला आला तेव्हा त्याच्या हातात लेन्सचा खोका होता. आम्हाला तिथे बघून तो दारातच थांबला.

"काय झालं? झाडाला काही झालं का?"

"झाड पावसाळ्यात मरणार आहे," काकू म्हणाल्या.

"छे, कोण म्हणालं तुला? मॅडम, तुम्ही हिला..."

"तिने तर विचारल्यावर सांगितलं. तू आधीच सांगितलंस, ते इथे लावून. अरे, या बाईने मला तीनदा नाही म्हटलेलं झाड तू एका दिवसात घेऊन आलास. ती असं कुणाचं ऐकते का? तेव्हाच कळलं मला, तू तिला काय सांगितलं असशील ते."

चष्मेवाल्याने खोका खाली ठेवला. चष्मा काढला आणि पुसायला लागला. काच कधीच स्वच्छ झाली होती, तरी तो पुसत होता. मग तो खाटेच्या कडेला बसला आणि म्हणाला, "मला वाटलं, तुला जितके दिवस..."

"कळतंय मला, तुला काय वाटलं ते." काकूंनी त्याच्या हातातून चष्मा काढून घेतला. "इतके दिवस तू हे एकट्याने मनात ठेवलंस. रात्री तू स्वयंपाकघरात बसलेला असायचास, मला दिवा दिसायचा दाराखालून. मी विचारलं की म्हणायचास, झोप येत नाही. दोघांनी मिळून बसलो असतो की रे."

तो माणूस आईच्या पांघरुणात डोकं घालून मोठ्याने रडला. वहिनीने मला कोपराने ढोसलं आणि आम्ही अंगणात गेलो. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, म्हणून आम्ही निर्गुडीची वाळकी पानं काढत उभे राहिलो. वहिनी नंतर हळूच म्हणाली, "मी चुकले ना?" मी म्हटलं, "झाड देताना चुकलीस की आज सांगताना?" तिने एक वाळकी काडी मोडली. मला तिच्याकडून उत्तर नकोच होतं.

दुसऱ्या दिवशी आधी खाट हलवली, मग झाड. खाट दुकानाच्या आतल्या बाजूला, नंबर तपासायच्या अक्षरांच्या तक्त्याखाली लागली. चष्मेवाला म्हणत होता की दुकान काही दिवस बंद ठेवू. काकू म्हणाल्या, "मग मी बोलू कुणाशी, तक्त्याशी?" पहिलं गिऱ्हाईक आलं ते एक वयस्क गृहस्थ. खाटेकडे बघून ते जागीच अडखळले.

"आईंना काय झालंय?" त्यांनी चष्मेवाल्याला कुजबुजत विचारलं.

"मला विचारा, मी जागी आहे," काकू म्हणाल्या. "पोटात गाठ आहे, बरी होण्यातली नाही. तुम्ही बसा, नंबर तपासून घ्या. मागच्या वेळेचा चष्मा तुम्ही महिन्यात मोडला होता, या वेळी जरा मजबूत फ्रेम घ्या."

गृहस्थ बसले, आणि निघताना खरंच मजबूत फ्रेम घेऊन गेले. चष्मेवाला त्यांच्याकडे आणि आईकडे आळीपाळीने बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही, पण कित्येक दिवसांत पहिल्यांदाच तो माणूस खांदे सैल सोडून उभा होता.

दुकानापुढच्या पट्ट्यात मी जागोजागी पाणी ओतून बघितलं होतं. सगळीकडे दुसरं पाणी चहाच्या आत गेलं. बहावा टेम्पोच्या सावलीत गोणपाटात गुंडाळून ठेवला होता. निम्मी फुलं हलवाहलवीत गळाली होती, पण वहिनी म्हणाली, मुळं शाबूत आहेत. चष्मेवाल्याने दुकानाचं दार सताड उघडलं, आत जाऊन आईच्या उशीशी डोकं नेऊन नेम धरला, आणि बाहेर येऊन दारासमोर टाचेने खूण केली.

"इथे," तो म्हणाला. "खाटेवरून सरळ दिसेल."

"तिथे नको," काकू आतून म्हणाल्या. "पलीकडे घे, कोपऱ्याकडे."

"कोपऱ्यात तुला अर्धंच दिसेल, आई."

"मला अर्धं पुरे आहे. दारासमोर लावलंस तर मोठं झाल्यावर दुकानात अंधार होईल. तुला दिवसभर बारीक काम करायचं असतं."

चष्मेवाला त्या खुणेपाशीच उभा राहिला. वहिनीने त्याच्याकडे बघितलं नाही, ती गोणपाटाची गाठ सोडत होती. थोड्या वेळाने त्याने माझ्या हातातली कुदळ घेतली आणि कोपऱ्याकडे गेला.